उजव्या रांगेतली सातवी गादी

"आडवा करा!" महाराज गरजले.

दोघांनी प्रतापराव कोकाट्यांना खांद्यांना धरून चटईवर निजवलं. पाठ टेकते न टेकते तोच प्रतापरावांनी पोट धरून अशी बोंब ठोकली, की वळचणीचे पारवे उडाले आणि स्टेशनवरच्या एका गार्डानं शिटी झाली समजून गाडी पाच मिनिटं आधीच सोडून दिली. निदान इंदूरच्या स्नेहलतागंजात अजून असंच सांगतात, आणि सांगणारे सगळे त्या गाडीत बसलेले असतात.

"बघा! पणजोबा खवळले!" महाराजांनी हातातली काठी फरशीवर आपटली. "तुळाजीराव कोकाटे! दरबारातली उजव्या रांगेतली सातवी गादी! ज्याला सरकारांसमोर बसायचा मान, त्याला तुम्ही चटईवर लोळवता? उठाओ! गादी पे!"

दोघांनी प्रतापरावांना उचलून समोरच्या गुबगुबीत लाल गादीवर बसवलं. तिसऱ्यानं त्यांच्या डोक्यावर कसर लागलेली जरीची पगडी ठेवली. आणि काय सांगावं! नळ बंद करावा तशी बोंब थांबली. प्रतापरावांनी कपाळाचा घाम पुसला आणि क्षीण आवाजात म्हणाले, "गेलं. दुखणं गेलं."

"अदब से! निगाह रखो! सातवी गादी कायम!" महाराजांनी ललकारी दिली.

अंगणात माणूस मावत नव्हता. भिंतीवर माणसं, जिन्यावर माणसं, पेरूच्या झाडावर तर पेरूंपेक्षा माणसं जास्त.

"देखा भिया? मी काय सांगून राहिलो होतो?"

"अहो, बटण दाबल्यासारखं बंद!"

"मुजरा करा नं, उभे काय राहिले?"

एका म्हाताऱ्या पेन्शनरानं संस्थान गेल्यापासून न केलेला मुजरा केला, तो कमरेतच अडकला. दोघांनी धरून त्याला सरळ केलं. तोही चमत्कार महाराजांच्या खाती गेला.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या द्वारकाबाईंनी मनातल्या मनात आकडा वाढवला. हा अकरावा. कालपासून त्यांच्या नवऱ्याला अकरा वेळा आडवं केलं होतं आणि अकरा वेळा बसवलं होतं, कारण दर तासाला नवी माणसं येत आणि त्यांना चमत्कार पहिल्यापासून बघायचा असे.

आता हे पणजोबा प्रतापरावांच्या पोटात शिरले कसे, ते सांगायला हवं.

कोकाट्यांचे पूर्वज दरबारचे मानकरी. दसऱ्याला उजव्या रांगेत सातव्या गादीवर बसायचं, विडा घ्यायचा आणि वर्षभर त्याबद्दल बोलायचं, एवढं एकच काम चार पिढ्यांनी इमानानं केलं. मग संस्थानं विलीन झाली, मध्यभारत झालं, दरबार उठला आणि गाद्यांच्या गुंडाळ्या झाल्या. प्रतापरावांना नव्या राज्याच्या एका कचेरीत कारकुनी मिळाली. पण तिथं खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्यांच्या वाट्याला आलं बाकडं, तेही दुसऱ्या एका कारकुनाबरोबर वाटून. त्या बाकड्याचं दुःख ते रोज संध्याकाळी दोन पेले घेऊन आणि वर तिखटजाळ लवंगी शेव खाऊन विसरत. पोटात जळजळ सदाचीच. गेल्या आठवड्यात घसा धरला, तर त्यावरही त्यांनी तेच औषध घेतलं, फक्त पेले तीन केले.

सोमवारी पहाटे पोटात कळ उठली. अंग तापलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. द्वारकाबाईंनी गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्या डॉक्टर यशोधरा खेर यांना बोलावून आणलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण हात मोठा सावध. त्यांनी प्रतापरावांचं पोट हळूहळू दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि भुवया आक्रसल्या.

"जठर फुटल्याची लक्षणं म्हणावीत, तर पोट फळीसारखं कडक नाही. काहीतरी वेगळं आहे. यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात हलवा. मी पुढे जाऊन सांगून ठेवते."

स्ट्रेचर आलं. त्यावर निजवताच प्रतापराव असे किंचाळले, की स्ट्रेचरवाल्यांनी स्ट्रेचर सोडून कान धरले. "साऱ्या गंजासमोरून मी मढ्यासारखा निजून जायचो नाही!" प्रतापराव ओरडले. त्यांचा धाकटा भाऊ संताजी म्हणाला, "वहिनी, दादाला पाडलं की त्रास होऊन राहिलाय. थोडं थांबू नं." स्ट्रेचर परत गेलं.

आणि दुपारी तो आला. डोक्यावर लाल गादी, अंगाला गुंडाळलेलं भगवं कापड, हातात काठी. कोणी बोलावलं नव्हतं. सरळ दारात उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "गादी कुठे टाकू?"

बस्स! प्रतापरावांच्या कानावर 'गादी' हा शब्द पडला मात्र, ते पोट धरून तडक उठून बसले. आणि बसताक्षणी कळ थांबली. ते डोळे विस्फारून म्हणाले, "संताजी! दुखणं गेलं रे!"

संताजीनं गादीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि त्या माणसाच्या पायांवर साष्टांग लोळण घेतली. "महाराज! तुम्हाला कसं कळलं आमच्या गादीचं?"

त्या माणसानं क्षणभर डोळे मिटले. ते ध्यानात मिटले की घाबरून, हे त्या वेळी कोणाला कळलं नाही. मग डोळे उघडून तो म्हणाला, "हमको सब मालूम है."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याचे 'आसनानंद महाराज' झाले होते, संताजीकडून ऐकलेले तुळाजीराव प्रतापरावांच्या पोटात शिरले होते, चौकशीला आलेल्या डॉक्टरीणबाईंना गर्दीनं दारातूनच परत लावलं होतं आणि महाराजांसाठी दोन वेळा शिरा-पुरी शिजत होती.

द्वारकाबाईंना पणजोबांची भीती नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर एका गादीवर बसण्यापलीकडे काही केलं नाही, तो मेल्यावर एवढी धावपळ करील, हे त्यांना पटत नव्हतं. पण भीती वेगळीच होती. दुखणं थांबलेल्या नवऱ्याच्या कपाळाला हात लावला की हात भाजत होता. ओठ सुकले होते, डोळे आत गेले होते.

अकराव्या चमत्कारानंतर त्या पुढे झाल्या. "महाराज, पणजोबा गादीवर बसून खूश झाले नं? मग ताप का उतरत नाही?"

महाराजांनी काठी उंचावली. "ताप? बाई, तो ताप नाही, प्रताप आहे! तुळाजीरावांचा प्रताप!"

"वा वा!" अंगणातून आवाज आला. "ताप नाही, प्रताप! क्या बात कही!"

"आणि ओकाऱ्या?"

"सात पिढ्यांची पापं बाहेर पडून राहिली आहेत."

"सात पिढ्यांची एवढीच?" भिंतीवरून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. द्वारकाबाई हसल्या नाहीत. "भाऊजी," त्या संताजीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांना दवाखान्यात नेऊ या."

"गादीवरून उतरवलं तर दादा जाईल, असं महाराज बोलले आहेत." संताजीचे डोळे भरून आले होते. तो काही वाईट माणूस नव्हता. भावावर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच त्यानं रात्री अंगणाच्या दाराला आतून कुलूप घालून किल्ली जानव्याला बांधली होती. "तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघितलं नं, वहिनी? पाडलं की मरतो, बसवलं की जगतो. आता यात शंका काय घ्यायची?"

शंका बुधवारी सकाळी न्हाणीघरात मिळाली.

उजाडताच प्रतापरावांना न्हाणीत जायचं होतं. संताजी अजून उठला नव्हता, महाराज गादीला टेकून घोरत होते, पगडी खुंटीवर होती. द्वारकाबाईंनी नवऱ्याला धरून न्हाणीपर्यंत नेलं. तिथं त्यांच्या पायांत बळ उरेना, तेव्हा बाईंनी घासलेटचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यांना त्यावर बसवलं. प्रतापराव निवांत बसले. बाई तोंडावर पाणी मारता मारता थांबल्या.

"अहो, दुखतंय का?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"थोडंसुद्धा नाही. का?"

"तुम्ही घासलेटच्या डब्यावर बसलाय."

प्रतापरावांनी खाली पाहिलं. मग आवाज अगदी बारीक करून म्हणाले, "पणजोबांना अजून कळलं नसेल."

एवढ्यात त्यांना उबळ आली. द्वारकाबाईंनी तांब्या पुढे धरला. जे पडलं ते पिवळट हिरवं, दाट, आणि वास असा की बाईंनी पदर नाकाला लावला. रोज त्या असलं काही लगेच धुऊन टाकत. आज मात्र त्यांनी तांब्यावर वाटी झाकली, नवऱ्याला परत गादीवर बसवलं, संताजीच्या जानव्याची किल्ली अलगद सोडवून घेतली आणि तांब्या पदराखाली धरून त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेल्या.

यशोधराबाईंनी वाटी उचलली, वास घेतला आणि ताठ झाल्या. "हा पू आहे."

"आणखी एक सांगायचं होतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मूर्खपणाचं वाटेल. हे गादीवर बसले की दुखत नाही. पण आज डब्यावर बसले, तरी दुखलं नाही."

"काय म्हणालात? बसल्यावर दुखत नाही? मुळीच नाही?"

"मुळीच नाही. आडवं झालं की जीव जातो."

डॉक्टरीणबाई उठल्या आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक ओढून पानं भराभरा उलटू लागल्या. एका जागी बोट थांबलं. "एक ओळ आहे. कॉलेजात वाचली होती. आमच्या सरांनीसुद्धा हा रोग कधी पाहिला नव्हता. जठराच्या भिंतीत जंतू शिरतात. आत नाही हं, भिंतीतच. भिंत सुजते, तिच्यात पू होतो. आणि त्याची खूण अशी, की रोगी निजला की पोटात भयंकर कळ, उठून बसला की कळ गायब. हे सोमवारी मला समजलं असतं तर! मी त्यांना निजलेलंच पाहिलं. उठवून पाहायचं सुचलं नाही."

"म्हणजे तो चमत्कार—"

"चमत्कार नव्हे, बाई. लक्षण! दोन दिवस साऱ्या गंजानं तुमच्या यजमानांच्या रोगाचं लक्षण बघितलं आणि त्याला मुजरा केला."

"पण बसल्यावर थांबतं का?"

"सुजलेली भिंत निजल्यावर ताणली जात असावी. नक्की कोणालाच ठाऊक नाही." यशोधराबाईंनी पुस्तक मिटलं. "पण ठाऊक नाही, म्हणून तिथं पणजोबा बसवायची गरज नाही."

"वाचतील?"

डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. "पूर्वी बहुतेक जात. आता पेनिसिलिन आहे. पण ती भिंत सडून फाटली, तर पेनिसिलिनही काही करू शकणार नाही. आज दुपारच्या आत मोठ्या दवाखान्यात आणा."

"ते स्ट्रेचरवर झोपायचे नाहीत. आणि अंगणातली माणसं गादीवरून उठवू द्यायची नाहीत."

"मग बसवून आणा की! झोपवायला कोणी सांगितलंय?"

द्वारकाबाई परत निघाल्या, पण सरळ घरी गेल्या नाहीत. नाक्यावर शाम टांगेवाला घोड्याला हरभरे चारत उभा होता. त्याच्याशी त्या चार शब्द बोलल्या आणि मग घरी आल्या.

तोवर अंगण पुन्हा भरलं होतं आणि महाराज बारावा चमत्कार मांडायच्या बेतात होते. द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि गर्दी सारून त्या पुढे आल्या.

"महाराज, एक विनंती. पणजोबांना मान कशाचा?"

"गादी का!"

"आणि पगडीचा?"

"पगडी का भी!"

"मग आज त्यांना चटईवर नको. गादीवरच निजवा. डोक्याला पगडी राहू द्या. गादीचा मान कायम, पगडीचा मान कायम. दुखायला नको."

अंगणातल्या माना एकमेकींकडे वळल्या. मग झाडावरून आवाज आला, "बात तो बराबर आहे."

महाराजांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. द्वारकाबाई नवऱ्याजवळ वाकल्या. "अहो, एकदाच. तुमच्या गळ्याची शपथ, हे शेवटचं." प्रतापरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बाईंनी स्वतःच्या हातांनी त्यांना त्या गुबगुबीत गादीवर हळूच आडवं केलं, पगडी धरून.

बोंब पूर्वीचीच. तसूभर कमी नाही.

बाईंनी त्यांना चटकन बसवलं. बोंब थांबली. "गादी होती. पगडी होती. मग दुखलं का?"

"अरे, दरबारात कोणी झोपतं का?" महाराज कडाडले. "हा दरबारचा अपमान!"

"झोपायचे की," कालचा पेन्शनर म्हणाला. "मी स्वतः तीन दसरे झोपलोय."

अंगणात हशा पिकला. द्वारकाबाईंनी तेवढ्यात न्हाणीतला डबा आणून मधोमध पालथा घातला, नवऱ्याच्या डोक्यावरची पगडी काढून संताजीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता बसा यावर."

प्रतापराव बसले. पेरूच्या झाडावरची माणसं खालच्या फांदीवर उतरली.

"दादा, दुखून राहिलंय?" संताजीनं विचारलं.

"नाही रे."

"घासलेट!" महाराज ओरडले. "तुळाजीराव तोफखान्यात होते! घासलेटचा वास आला म्हणून खूश झाले!"

"अहो महाराज, त्या काळात घासलेट कुठलं?" पेन्शनर म्हणाला. "आणि कालपर्यंत तर ते घोडदळात होते."

शेजारच्या शांताबाईंनी आपला पाट आणला. पाटावर दुखलं नाही. उंबऱ्यावर दुखलं नाही. पालथ्या बादलीवर दुखलं नाही. आता इंदूरच्या माणसाचं कसं असतं, की त्याला तमाशा हवा. तो चमत्काराचा की चाचणीचा, याला तो फार महत्त्व देत नाही. कालपर्यंत मुजरे करणारे आता वेगवेगळ्या जागा सुचवू लागले. "उखळावर बसवा!" "भिया, सायकलच्या कॅरियरवर!" "माझ्या सासऱ्याच्या मांडीवर बसवा, तिथं कोणीच टिकत नाही!"

"थांबा," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता शेवटची जागा. टांगा."

शामचा टांगा दारात उभाच होता. गर्दीनं जल्लोष केला. संताजीनं स्वतः भावाला उचललं आणि टांग्यात पाठ टेकवून ताठ बसवलं. "काय दादा?"

"बरं आहे रे. वारा लागतोय."

"देखा! टांग्यातही नाही दुखत!" संताजी लोकांकडे वळून ओरडला. आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तो टांग्याच्या पायरीवर उभा होता, हातात पगडी होती, आणि अंगणात, पंधरा पावलांवर, गादी रिकामी पडली होती. भाऊ जिवंत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "मग गादीत काय आहे?"

"कापूस," द्वारकाबाई टांग्यात चढत म्हणाल्या. "शाम, हाक. मोठा दवाखाना."

टांगा सुटला. मागून एकच गलका झाला, पण तो टांग्यासाठी नव्हता. गादी रिकामी झाली, हे काही भाविकांच्या ध्यानात आलं होतं. जिच्यावर तुळाजीराव दोन दिवस बसले, तिचा चिमूटभर कापूस आईच्या संधिवाताला, मेहुण्याच्या मुळव्याधीला उपयोगी पडेल, या विचारानं दहाबारा जण तिच्यावर तुटून पडले. फर्र करून शिवण उसवली आणि आसनानंद महाराजांच्या तोंडून, त्या आवाजापेक्षाही मोठ्यानं, आयुष्यातलं सर्वांत खरं वाक्य बाहेर पडलं.

"अरे फाडो मत! परसों राऊ गाँव की शादी में देनी है!"

हे वाक्य कोपऱ्यावर वळणाऱ्या टांग्यात द्वारकाबाईंनी स्वतः ऐकलं. पुढचं त्यांना शांताबाईंनी सांगितलं. दहाबारा जण हातात कापूस घेऊन जागच्या जागी थिजले. कोणीतरी गादी उलटी केली. खालच्या बाजूला काळ्या दोऱ्यानं ठळक अक्षरं शिवली होती: हरी बिछायतवाला, राऊ. म्हणजे लग्नाला गाद्या भाड्यानं देणारा.

मोठ्या दवाखान्यात यशोधराबाई तांब्या घेऊन वाट बघत होत्या. तांब्यातला थेंब काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, मग द्वारकाबाईंना बोलावलं. "बघा. एक डोळा मिटून."

बाईंनी पाहिलं. निळसर ठिपके, एकामागे एक ओवलेले, मण्यांच्या तुटक्या माळांसारखे.

"हे तुमचे तुळाजीराव. घशातून उतरले असतील, जठरात आधीच जखम असेल, तिथून भिंतीत शिरले असतील. कसे शिरले हे ठामपणे नाही सांगता येत. कोण आहेत, हे मात्र दिसतं."

"एवढेसे?" द्वारकाबाई पुटपुटल्या. "आणि आम्ही शिरा-पुरी कोणाला घालत होतो!"

बाहेर संताजीनं कंपाउंडरला गाठलं. "क्या निकला भिया?"

"पेट में पीप है. बहुत पीप."

इंदुरात जन्मलेल्या माणसाला हिंदीतली पीप म्हणजे पू, हे कळायला हवं. पण दोन दिवस पणजोबांच्या दरबारात वावरून संताजीचं डोकं अजून जागेवर आलं नव्हतं. त्याला मराठीतलं पीप ऐकू आलं, तेलाचं असतं ते. "पीप? आमच्या दादाच्या पोटात? केवढं?"

"निकालेंगे तब पता चलेगा."

त्यानं हे शामला सांगितलं, शामनं नाक्यावर सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या फाटकाशी पन्नासेक माणसं जमली. तुळाजीरावांनी मोहरांचं पीप नातवाच्या मुलाच्या पोटात पुरलं असून ते आज वर येणार, अशी त्यांची पक्की माहिती होती. चौकीदारानं त्यांना हाकललं, तेव्हा ते म्हणाले, "हां, वाटणी नको असेल तर तसं सांगा."

आत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. दर तीन तासांनी पेनिसिलिनची सुई, हाताच्या शिरेत सलाइन, तोंडानं पाण्याचा थेंब नाही. ताप उतरेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी सर्जननं पोट उघडलं. जठराची भिंत बोटभर जाड झाली होती. एका जागी सुरी टेकवताच पू बाहेर आला. तेवढा सडलेला भाग कापून काढला. यशोधराबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "जे करायचं ते केलंय. आता निम्मी-निम्मी शक्यता." द्वारकाबाईंनी मान हलवली आणि पुन्हा बाकावर बसल्या. तिथं त्या सहा दिवस होत्या.

सातव्या दिवशी सकाळी त्या आत गेल्या, तर प्रतापराव लोखंडी खाटेवर निजलेले होते. सपाट, उताणे, तोंड उघडं टाकून. बाई खाटेकडे धावल्या. मग घोरण्याचा आवाज आला. त्या खाटेचा दांडा धरून कितीतरी वेळ ते घोरणं ऐकत उभ्या राहिल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्या आवाजाला त्यांनी आजवर फक्त नावं ठेवली होती.

त्याच आठवड्यात हरी बिछायतवाला दवाखान्यात आला. भगवं कापड गेलं होतं, साधी बंडी होती. संताजीनं बाह्या सरसावल्या.

"मारा साहेब, मारा," हरी म्हणाला. "पण ऐकून घ्या. मागच्या गल्लीत लग्न होतं. तिथं गादी पोचवायची होती. मी दार चुकलो. ते भगवं कापडही मांडवाचंच. 'गादी कुठे टाकू?' विचारलं, तर हे उठून बसले आणि तुम्ही माझे पाय धरले. मी सुटायला बघत होतो, तुम्ही सोडेनात. मग शिरा आला." त्यानं मान खाली घातली. "वऱ्हाडापुढं ललकारी द्यायची सवय होतीच. चालून गेलं. माणूस एवढा आजारी आहे, हे दुसऱ्या दिवशी कळलं होतं मला. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो."

"थांबा भाऊजी," द्वारकाबाई संताजीला म्हणाल्या. "याला मारायचं तर मारा. पण याला महाराज कोणी केलं, तेही एकदा मोजा."

संताजीनं बाह्या खाली केल्या.

महिन्याभरानं प्रतापराव घरी आले, बारीक झालेले, पेला आणि शेव दोन्ही सुटलेले. आणि एका दुपारी कोकाट्यांच्या दारात बैलगाडी थांबली. गाडीत गवतावर एक बाई पोटाशी पाय घेऊन कण्हत पडली होती. तिचा नवरा धुळीनं माखलेला, हात जोडून उभा राहिला.

"हातोदहून आलो, माई. ती गादी इथंच आहे नं? हिला एकदा बसवू द्या."

"किती दिवस दुखतंय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"चार दिवस. पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे नेणार होतो. पण बाजारात गादीचं कळलं, म्हणून थांबलो. गाडी मिळेना, मग आज..."

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. खोटा चमत्कार उघडा पडला म्हणून मरत नाही. तो गाडीवाटेनं पुढच्या गावाला जातो आणि तिथं कोणाचे तरी चार दिवस खातो.

"दादा, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "गादीनं कोणी बरं झालेलं नाही. माझा माणूस वाचला तो सुईनं, सुरीनं आणि एका शिकलेल्या बाईनं नीट प्रश्न विचारले म्हणून. गादीनं दोन दिवस फक्त दुखणं झाकलं, तेवढ्यात आत सडत होतं. दुखणं थांबणं वेगळं, रोग जाणं वेगळं. यापुढं कोणी चमत्कार दाखवला, तर मुजरा करू नका. त्यातली एक गोष्ट काढून घ्या आणि पुन्हा बघा. गादी काढा, मंत्र काढा, महाराजाला घरी पाठवा. तरीही तेच झालं, तर त्यात महाराजाचं काही नव्हतं. एवढं करायला शाळा लागत नाही. धीर लागतो."

त्या माणसानं एकदा घराकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. "मग आता काय करू, माई?"

"बैल वळवा."

त्यांनी चपला घातल्या, चाकावर पाय देऊन त्या गाडीत चढल्या आणि गवतावर त्या बाईच्या उशाशी बसल्या. गाडी वळली. द्वारकाबाईंनी तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि तिच्यावर ओणवून म्हणाल्या,

"आता मला सांग बाई. नेमकं कुठं दुखतं? बोट ठेवून दाखव."